पित्ताम्लं ४६ की १९? एकाच रक्ताचे दोन रिपोर्ट

इंदूरमधल्या एका मध्यम आकाराच्या लॅबचं काम सांभाळणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. ३४ आठवड्यांची गर्भवती, तळहात-तळपायांना रात्री असह्य खाज, कावीळ दिसत नाही; गर्भारपणात पित्ताचा प्रवाह अडून पित्ताम्लं रक्तात चढतात त्या आजारासाठी (कोलेस्टॅसिस) दोन आठवड्यांपासून अर्सो, म्हणजे अर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या चालू. लॅबच्या अ‍ॅनालायझरवर एन्झायमॅटिक (एन्झाइमच्या मदतीने मोजणाऱ्या) किटने एकूण पित्ताम्लं, म्हणजे टोटल बाइल अ‍ॅसिड ४६ मायक्रोमोल प्रतिलिटर आलं. त्याच नळीतला उरलेला सीरम मुंबईच्या एका मोठ्या लॅबमध्ये एलसी-एमएस/एमएस पद्धतीसाठी (आधी कॉलम नावाच्या नळीत रेणू वेगळे करून मग मास स्पेक्ट्रोमीटरने भारावरून मोजण्याची पद्धत) गेला, तिथून १९ आलं. स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी फोन करून विचारलं, तुमचं किट बिघडलंय का? आता ताई विचारतात, किट बंद करून सगळे नमुने बाहेरच पाठवायला लागू का?

नका बंद करू. दोन्ही आकडे खरे असू शकतात, आणि तुम्ही जो तपशील दिलाय त्यावरून ते खरेच आहेत असं मला वाटतं. मुंबईच्या रिपोर्टचं दुसरं पान पुन्हा बघा. तुम्हीच लिहिलंय की तिथे अर्सो आणि त्याची ग्लायसिन-टॉरिन जोडलेली रूपं खाली वेगळी दिलीत, त्यांची बेरीज २५, आणि वरच्या 'टोटल'मध्ये ती धरलेली नाही. १९ आणि २५ मिळून ४४. तुमचं ४६. म्हणजे दोन पद्धतींत खरा फरक दोनचा आहे, बाकीचा सगळा फरक 'टोटल' म्हणजे काय मोजायचं याचा आहे.

हे असं का होतं ते नीट समजून घेतलं तर पुढच्या वेळी मॅडमचा फोन आला तरी तुम्ही डगमगणार नाही.

एन्झायमॅटिक किटमधलं मुख्य एन्झाइम म्हणजे ३-अल्फा हायड्रॉक्सीस्टेरॉइड डिहायड्रोजिनेज. पित्ताम्लाच्या सांगाड्यावर तिसऱ्या कार्बनला अल्फा बाजूला हायड्रॉक्सिल गट असतो, तो हे एन्झाइम ऑक्सिडाइझ करतं. कोलिक असो, किनोडिऑक्सिकोलिक असो, डिऑक्सिकोलिक असो, ग्लायसिन जोडलेलं असो वा टॉरिन जोडलेलं, हा गट सगळ्यांकडे आहे. म्हणून किट सगळ्यांची मिळून एकच बेरीज देतं. आणि अर्सोकडेही हाच गट आहे. ते किनोडिऑक्सिकोलिकचंच भावंड, फक्त सातव्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल उलट्या बाजूला. किटला सातव्या कार्बनशी काही देणंघेणं नाही. त्यामुळे बाईने गिळलेली गोळी रक्तात पोचली की ती 'टोटल'मध्ये मोजली जाते. अर्सो घेणाऱ्या गर्भवतींत एकूण पित्ताम्लांपैकी निम्म्याहून जास्त वाटा या औषधाचाच असणं ही नेहमीची गोष्ट आहे. तुमच्या नमुन्यात ४४ पैकी २५, म्हणजे तंतोतंत तसंच.

आता मॅडमसाठी महत्त्वाचा भाग. ४६ धरायचं की १९?

इथे एक गोष्ट आधी स्पष्ट करते. मी लॅबची बाई आहे, बाळंतपण कधी करायचं हे ठरवणारी नाही. आठवडे, जुळं आहे का, रक्तदाब, साखर, खाज कधी सुरू झाली, आकडा चढतोय की उतरतोय, या सगळ्यावर तो निर्णय अवलंबून असतो. पण ज्या रेषांवर तो निर्णय टेकतो त्या कशा आखल्या गेल्या हे सांगणं माझं काम आहे.

२०१९ साली लॅन्सेटमध्ये हा आजार असलेल्या पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या वैयक्तिक नोंदी एकत्र करून केलेलं विश्लेषण आलं. एकच बाळ असलेल्या गर्भारपणात सर्वोच्च टोटल बाइल अ‍ॅसिड ४० च्या खाली असेल तर पोटातच बाळ दगावण्याचं प्रमाण ०.१३ टक्के, ४० ते ९९ मध्ये ०.२८ टक्के, आणि १०० किंवा त्याहून जास्त असेल तर ३.४४ टक्के. धोक्याची खरी उडी १०० वर आहे. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं याच पायावर उभी आहेत: १९ ते ३९ सौम्य, ४० ते ९९ मध्यम, १०० पासून पुढे तीव्र. तीव्र असेल तर ३५-३६ आठवड्यांत, मध्यम असेल तर ३८-३९ मध्ये आणि सौम्य असेल तर ४० पर्यंत प्रसूतीचा विचार. अमेरिकेच्या मातृ-गर्भ वैद्यक संस्थेचे आठवडे थोडे निराळे आहेत, पण १०० ची रेषा तिथेही तीच.

या रेषा आखणाऱ्या अभ्यासांतली मोजमापं मुख्यतः एन्झायमॅटिक टोटलची होती, आणि त्या बायकांमध्ये अर्सो घेणाऱ्याही होत्याच. म्हणजे ४० आणि १०० हे आकडे तुमच्या किटच्या भाषेतले आहेत. अर्सो वजा केलेला १९ त्या पट्टीवर ठेवला, तर एका गजाने मोजून दुसऱ्या गजाच्या खुणा वाचल्यासारखं होईल. म्हणून मॅडमना माझा निरोप असा: निर्णयासाठी ४६ धरा, मध्यम गट. १९ चा उपयोग वेगळा आहे. शरीराचं स्वतःचं पित्ताम्ल किती उरलंय, विशेषतः कोलिक अ‍ॅसिडचा भाग उतरतोय का, हे त्यातून दिसतं. ती माहिती मोलाची आहे, पण तिच्यावर ४०-१०० च्या रेषा बसवलेल्या नाहीत.

याला जोडून दोन प्रश्न मी तुम्हाला विचारेन. पहिला, अर्सो सुरू होण्याआधीचा एखादा आकडा आहे का? मार्गदर्शक तत्त्वं सर्वोच्च आकडा पाहतात. गोळी सुरू व्हायच्या आधी ७० असेल आणि आता ४६, तर गट ७० वरून ठरेल. म्हणून तुमच्याकडे येणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना एक विनंती कायम करून ठेवा: खाजेची तक्रार घेऊन आलेल्या बाईचं पहिलं रक्त गोळी लिहून देण्याआधी पाठवा. एकदा अर्सो रक्तात मिसळलं की तो स्वच्छ आकडा परत मिळत नाही. दुसरा प्रश्न, नमुना सकाळच्या गोळीच्या आधी घेतला की नंतर? दर वेळी गोळीच्या आधी घेतला तर निदान दोन आठवड्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात.

अर्सोबद्दल एक कानावर घालते, कारण पुष्कळ घरांत समज असतो की आकडा उतरला म्हणजे बाळ सुरक्षित झालं. ब्रिटनमध्ये ६०५ बायकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत, २०१९ मध्येच प्रसिद्ध झालेल्या, अर्सोने बाळाच्या धोक्याचा एकत्रित निर्देशांक कमी झाला नाही. खाजेला थोडा आराम पडतो. म्हणून गोळी चालू असताना बेफिकीर राहू नये, एवढंच.

उपाशी की जेवून?

आपल्या इंदूरात हा प्रश्न फार व्यावहारिक आहे. सकाळी लॅबमध्ये येणारी बाई घरून निघताना, किंवा वाटेत, शेव-जिरावण घातलेले पोहे आणि जलेबी खाऊन येते, आणि काउंटरवर विचारलं तर "काही विशेष नाही खाल्लं" म्हणते. तेला-तुपाचं पोटात गेलं की पित्ताशय आकसतं, पित्त आतड्यात उतरतं, तिथून पित्ताम्लं शोषली जाऊन यकृताकडे परत येतात, आणि यकृताच्या हातून निसटलेला भाग रक्तात चढतो. निरोगी माणसातही जेवणानंतर एक-दोन तासांत आकडा वर जातो. किटच्या कागदावर छापलेली १० ची वरची मर्यादा साधारणपणे उपाशीपोटीची आणि गर्भवती नसलेल्यांची असते. ती पोहे खाऊन आलेल्या गर्भवतीला लावली, तर निरोगी बाई उगाच रोगी ठरते. म्हणूनच रॉयल कॉलेजने जेवणानंतरच्या नमुन्यासाठी १९ ची मर्यादा घेतली.

माझी पद्धत सांगते. गर्भवतीला मी उपाशी ठेवत नाही. पोटुशी बाई सकाळी अकरापर्यंत उपाशी बाकावर बसलेली मला बघवत नाही, आणि शास्त्राच्या दृष्टीनेही गरज नाही, कारण धोका सर्वोच्च आकड्याशी बांधलेला आहे आणि तो जेवणानंतरच सापडतो. मात्र रिपोर्टवर ठळक लिहिते: जेवून, शेवटचं खाणं किती तासांपूर्वी, अर्सो चालू आहे की नाही, किती मिलिग्रॅम. या चार ओळी नसतील तर आकड्याला अर्थ देणं कठीण. सिरोसिसच्या रुग्णाचं मात्र मी उपाशी घेते, कारण तिथे तुलना जुन्या उपाशी आकड्यांशी करायची असते. तसं पाहिलं तर सिरोसिसमध्ये ही चाचणी फार काही ठरवत नाही. यकृताला वळसा घालून रक्त जातं म्हणून आकडा चढलेला असतोच. बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) तिथे जास्त बोलतात.

आता किटकडे वळू. एन्झायमॅटिक म्हटलं तरी सगळी किटं सारखी नाहीत, आणि तुम्ही कुठलं वापरता ते लिहिलेलं नाही.

जुन्या पद्धतीत एन्झाइमने तयार केलेलं एनएडीएच (हायड्रोजन वाहून नेणारा रेणू) हे डायफोरेज या दुसऱ्या एन्झाइमच्या आणि टेट्राझोलियम या रंग देणाऱ्या द्रव्याच्या मदतीने रंगात बदलतं आणि ५४० नॅनोमीटरच्या आसपास वाचलं जातं. इथे एक पित्ताम्ल एकदाच मोजलं जातं, रंग फिका, आणि १० च्या आसपासचा आकडा डळमळीत. शिवाय नमुना हिमोलाइझ, म्हणजे लाल पेशी फुटलेला, असेल तर त्या पेशींतलं एलडीएच हे एन्झाइम स्वतःच एनएडीएच तयार करून आकडा फुगवतं. नव्या सायकलिंग पद्धतीत थायो-एनएडी, म्हणजे एनएडीचा थोडा बदललेला अवतार, वापरतात. एन्झाइम पित्ताम्लाला ऑक्सिडाइझ करतं, आणि जादा एनएडीएचच्या जोरावर लगेच त्याला मूळ रूपात परत आणतं. रहाटगाडग्याचा एकच पोहरा पुन्हा पुन्हा पाणी ओतत राहावा तसं एकच पित्ताम्ल दर फेरीला थायो-एनएडीएचचा एक रेणू देतं, आणि ते ४०५ नॅनोमीटरला वाचलं जातं. संवेदनशीलता बरीच वाढते, आणि हिमोलिसिसचा व बिलिरुबिनचा त्रास कमी होतो, पूर्ण जात नाही. तुमच्याकडे जुनं किट असेल तर एलसी-एमएस/एमएस घेण्याचा विचार करण्याआधी सायकलिंग किटवर जा. कमी खर्चात सर्वांत मोठी सुधारणा तीच.

सायकलिंगची एक मर्यादा सांगायला हवी. इथे आपण प्रतिक्रियेचा वेग मोजतो, आणि प्रत्येक पित्ताम्लाच्या बाबतीत एन्झाइमचा वेग अगदी एकसारखा नसतो. त्यामुळे मिश्रण बदललं की किटच्या बेरजेत आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या बेरजेत थोडा फरक पडणारच. तुमच्या ४६ आणि ४४ मधले दोन तिथून आले असतील, कॅलिब्रेटरमधून आले असतील किंवा नेहमीच्या चढउतारातून. त्याच्या मागे लागू नका. पण किटची रेषीय मर्यादा, म्हणजे ज्या आकड्यापर्यंत ते बरोबर मोजतं ती, पाठ ठेवा. पित्तमार्गाचा गंभीर अडथळा असलेल्या लहान मुलांत आकडा शेकड्यांत जातो. मर्यादेच्या वरचा आकडा सलाइनने पातळ करून पुन्हा चालवल्याशिवाय रिपोर्ट करू नये.

एलसी-एमएस/एमएसची प्रतिष्ठा मोठी आहे आणि ती रास्त आहे. प्रत्येक पित्ताम्ल वेगळं मोजता येतं, ड्युटेरियम (जड हायड्रोजन) लावलेली अंतर्गत प्रमाणं, म्हणजे माहीत मात्रेतले तेच रेणू, घालून नमुन्यातल्या इतर घटकांचा परिणाम भरून काढता येतो. पण ते आपोआप अचूक असतं असं नाही. किनोडिऑक्सिकोलिक, डिऑक्सिकोलिक आणि अर्सो या तिघांचा रेणुभार एकच, सुमारे ३९२. मास स्पेक्ट्रोमीटरला ते सारखेच दिसतात. वेगळे करायचे तर आधी कॉलमवरच वेगळे व्हावे लागतात. त्यातून, ग्लायसिन जोडलेली पित्ताम्लं फुटून ७४ चा आणि टॉरिनवाली ८० चा तुकडा सहज देतात, पण मोकळी पित्ताम्लं नीट फुटतच नाहीत, म्हणून बऱ्याच लॅब त्यांना न फोडता, आत जाणारा आणि बाहेर येणारा भार एकच धरून मोजतात. अशा वेळी कॉलमवर दोन शिखरं एकमेकांवर चढली तर अर्सोचा काही भाग किनोडिऑक्सिकोलिकच्या नावावर जमा होतो. रिपोर्ट चार दशांश स्थानांपर्यंत येतो आणि वाचणाऱ्याला ती अचूकता वाटते. म्हणून बाहेरच्या लॅबला तीन गोष्टी विचारा: किती पित्ताम्लं मोजता, 'टोटल'मध्ये अर्सो धरता का, आणि वरचे तीन समान भाराचे रेणू कॉलमवर पूर्ण वेगळे होतात का. नीट चालणारी लॅब हे आनंदाने सांगते.

जुन्या गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्रीचा ओझरता उल्लेख पुरे. जोडलेलं ग्लायसिन-टॉरिन तोडून, मग रेणूंना रासायनिक आवरण चढवून मोजावं लागतं, त्यामुळे जोडणीची माहिती हरवते आणि दिवस जातो. साध्या एचपीएलसीची (कॉलमवर वेगळं करून प्रकाशाने मोजण्याची पद्धत) अडचण ही की पित्ताम्लं अतिनील प्रकाश फारसा शोषत नाहीत. रोजच्या कामाला दोन्ही सोयीच्या नाहीत.

आणि आता ज्या ठिकाणी तुमचं किट खरोखरच कमी पडतं त्याबद्दल. तुम्ही हे विचारलं नव्हतं, पण मला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण इथे चुकलं तर मूल जातं.

दोन-तीन महिन्यांचं बाळ, कावीळ उतरत नाही, डायरेक्ट (यकृताने प्रक्रिया केलेलं) बिलिरुबिन वाढलेलं, शी फिकट. अशा बाळाचं पित्त अडलेलं असेल तर रक्तात पित्ताम्लं भरपूर चढायला हवीत. तुमच्या किटवर आकडा मात्र नॉर्मल किंवा अगदी कमी, आणि जीजीटी हे यकृताच्या तपासणीतलं एन्झाइमही नॉर्मल. पुष्कळ ठिकाणी हा रिपोर्ट "बाइल अ‍ॅसिड नॉर्मल" म्हणून बाजूला पडतो. खरं तर हीच धोक्याची घंटा आहे. पित्ताम्लं बनवण्याच्या वाटेवरचं एखादं एन्झाइम जन्मतः नसेल, तर यकृत अर्धवट, विचित्र रेणू बनवतं. सर्वांत जास्त आढळणाऱ्या दोषात ३-बीटा हायड्रॉक्सिल असलेले रेणू साचतात, आणि तुमच्या किटमधलं एन्झाइम ३-अल्फाच ओळखतं. त्याला ते दिसतच नाहीत. तिसऱ्या जागी सल्फेट लागलेली पित्ताम्लंही त्याला अशीच अदृश्य असतात. मास स्पेक्ट्रोमेट्रीने लघवीची तपासणी केली की हे रेणू स्पष्ट दिसतात.

हे आजार दुर्मिळ आहेत, पण त्यातल्या काहींवर तोंडाने देण्याचं कोलिक अ‍ॅसिड हा उपचार आहे, आणि यकृताची फार हानी होण्याआधी सुरू केला तर मूल वाढतं, खेळतं. अमेरिकेत २०१५ मध्ये त्याला मान्यता मिळाली. म्हणून लहान बाळाच्या डायरेक्ट काविळीत जीजीटी आणि टोटल बाइल अ‍ॅसिड दोन्ही नॉर्मल आले, तर रिपोर्ट नुसता छापून देऊ नका. बालरोगतज्ज्ञांना फोन करा, आणि अर्सो सुरू करण्याआधीची लघवी जपून ठेवायला सांगा. याच्या उलट चित्र, म्हणजे जीजीटी नॉर्मल पण पित्ताम्लं खूप चढलेली, हे पित्त बाहेर टाकणाऱ्या वाहक प्रथिनांच्या काही आनुवंशिक दोषांत दिसतं. तिथे तुमचं किट पुरेसं बोलतं.

शेवटी तुमच्या मूळ प्रश्नातला व्यवहार. यापुढे टोटल तुमच्याकडेच करा, आणि एका बाईचे सगळे आकडे एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने. ३५ व्या आठवड्यात तुमच्याकडे आणि ३६ व्यात मुंबईला, असं झालं तर आकडा चढला की पद्धत बदलली हे कुणालाच कळणार नाही. बाहेर पाठवायचं ते तपशीलवार प्रोफाइल (प्रत्येक पित्ताम्लाचा वेगळा आकडा), तेही बाळांच्या वरच्या प्रसंगी, किंवा अर्सो चालू असताना डॉक्टरांना शरीराचा स्वतःचा वाटा जाणून घ्यायचा असेल तेव्हा.

दोन पद्धती शेजारी ठेवायच्याच असतील तर एका नमुन्यावर निष्कर्ष काढू नका. निदान ४० रुग्णांचे नमुने घ्या, आणि ते सगळे नॉर्मलचे नकोत, १०, ४० आणि १०० च्या आसपासचे पुरेसे असावेत. अर्सो घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या बायकांचे नमुने वेगवेगळे मांडा, नाहीतर औषधाचा परिणाम पद्धतीच्या माथी जाईल. आणि निकाल सहसंबंधाच्या गुणकावर तोलू नका. तो ०.९८ येऊनही एक पद्धत दुसऱ्यापेक्षा कायम दीडपट दाखवत असू शकते. प्रत्येक जोडीतला फरक त्यांच्या सरासरीविरुद्ध मांडून बघा, आणि ४० च्या आसपास तो फरक किती आहे तेवढं मॅडमना सांगा. त्यांना तेवढंच हवं असतं. मे महिन्यात कुरिअरने पाठवणार असाल तर सीरम वेगळा करून, थंड पेटीतच पाठवा. पित्ताम्लं तशी टिकाऊ असतात, पण बॅक्टेरिया वाढले तर ग्लायसिन-टॉरिन सुटतं. त्याने टोटल हलणार नाही, प्रोफाइल मात्र बिघडेल.

या बाईंचं पुढच्या आठवड्याचं रक्त तुमच्याकडेच घ्या, सकाळच्या गोळीच्या आधी, आणि रिपोर्टवर मागचे ४६ शेजारी छापा.